विसावी पेशी

पांढऱ्या पेशी मोजायच्या म्हणजे शंभर मोजायच्या. नव्याण्णव नाही, एकशेएक नाही. काचपट्टीवर रक्ताचा थेंब ओढून पातळ थर करायचा, तो वाळवायचा, वर रंग घालून धुवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी ओळखत पुढे सरकायचं. शेजारी बटणांचं छोटं यंत्र असतं, प्रत्येक जातीच्या पेशीला एक बटण. शंभर भरल्या की ते घंटी वाजवतं. महाडच्या बाजारपेठेतल्या एका लहान लॅबमध्ये मी हे काम वीस-बावीस वर्षं करते आहे. आता मशीन आहे, ते मिनिटाभरात सगळं छापून देतं, पण मशीनला शंका आली की स्लाईड माझ्याकडेच येते. घरात डोळ्यांसमोरची किल्ली मला सापडत नाही, पण पेशी मी चुकत नाही, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगायची. हल्ली सांगत नाही.

कोरोनात टीव्हीवरचे लोक या पेशींना सैनिक म्हणायला लागले, तेव्हा माझं डोकंच फिरायचं. ज्यांनी कधी भिंगाला डोळा लावला नाही, ते उंटावरून शेळ्या हाकत होते. मला त्या कधी सैनिक वाटल्या नाहीत. आमच्या वरच्या गावात आग लागल्यावर धावून येणारी माणसं असतात, तशा वाटायच्या. न्यूट्रोफिल म्हणजे पहिल्या हाकेला हातातलं काम टाकून पळणारी. डोकं कमी, पाय जास्त. लिम्फोसाईट लहान, गोल, उशिरा येणारी, पण आल्यावर नीट बघणारी. सर्दीतापाचा विषाणू नुसता बाहेर फिरत नाही, तो घशाच्या, फुफ्फुसाच्या पेशींत शिरून बसतो. अशी पेशी ओळखून ती विषाणूसकट संपवायची, हे काम लिम्फोसाईटांतल्या एका जातीचं. दुसरी जात त्याला धरून ठेवणारी प्रतिपिंडं बनवते. आणि त्यांतल्या काही पुढे वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात, की हा पाहुणा एकदा येऊन गेला आहे, याला दारात उभं करायचं नाही.

साध्या तापाची स्लाईड बघायला मला आवडायची. पावसाळ्यात शाळेतली पोरं शिंकत यायची, आणि त्यांच्या रक्तात लिम्फोसाईट भरपूर असायच्या, फुगलेल्या, शेजारच्या लाल पेशींना अंग टेकून बसलेल्या. पोर तापानं फणफणलेलं असे, आई रडकुंडीला आलेली असे, आणि मी आतून ओरडून सांगायची, अहो, काही होत नाही, घरात माणसं आहेत. आईला त्यातलं काही कळत नसे, पण माझ्या आवाजानं ती हसायची.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मी पहिल्यांदा रिकामं घर बघितलं. ताप येऊन आठवडा झालेल्या माणसाची स्लाईड, आणि त्यात लिम्फोसाईटच नाहीत. दहा, आठ, पाच. जिथे तिथे नुसत्या न्यूट्रोफिल. मी समजले, रंग बिघडला. नवीन रंग काढला, तेच. शेवटी ज्यांचे पेशंट आमच्याकडे येत त्या महाडातल्या डॉक्टरांना विचारलं, या गेल्या कुठे? ते म्हणाले, काही फुफ्फुसात उतरल्या असतील, काही दमून मेल्या असतील, नक्की कुणालाच सांगता येत नाही. पण ज्यांच्या कमी होतात त्यांची मला काळजी वाटते. आणि दुसऱ्या आठवड्यात फार वाईट होतं ते विषाणूनं कमी आणि आपल्याच पेशींनी जास्त. आग विझवायला आलेली माणसं घाईत कौलं फोडतात, वासे उपटतात, घर पाडतात, तसं त्या फुफ्फुसाचं करतात. तेव्हा त्यांना थांबवायला औषध द्यावं लागतं, आणि ते वेळेवर द्यावं लागतं. फार आधी नाही, फार उशिरा नाही. हे त्यांनी मला लॅबच्या पायरीवर उभं राहून, मास्कवरून घाम पुसत सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

माझं माहेर वर, पोलादपूर तालुक्यात, कुडपणच्या पठारावर. आईवडील गेल्यावर माहेर म्हणजे दादा आणि वहिनी. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. नाचणी, वरी, थोडा भात करायचा. मला लॅबचा कोर्स करायला त्यानंच पाठवलं. गावकीत कोणी म्हणालं, पोरगी रक्ता-लघवीच्या बाटल्या धुणार काय, तर हा म्हणाला, तुमच्याच धुणार हाय, गप बसा.

महिन्यातून एकदा तो खाली यायचा. पिशवीत नाचणीचं पीठ, दिवस असतील तशी करवंदं, फणस. लॅबमध्ये शिरला की पहिली मागणी, "तुझी दुर्बीण दाव." सूक्ष्मदर्शकाला तो मरेपर्यंत दुर्बीणच म्हणाला. एकदा मी त्याच्याच बोटाला टोचून त्याचंच रक्त त्याला दाखवलं. आधी उघडा ठेवायचा तोच डोळा त्यानं मिटला, मग जमलं तसा पाच मिनिटं बघत राहिला.

"ह्या सगळ्या माझ्या आत हायत?"

"हो. तुझ्यासाठीच राबतायत."

"मंग मी एकटा कसला गो? येवढा गोतावळा हाय आत, आन तुझी वहिनी म्हनते, घरात कोन नाय ऐकून घ्यायला."

मग जाता जाता माझ्या नवऱ्याला सांगायचा, जावयबापू, ही लोकांचं रगात मोजते, जपून ऱ्हावा. दर महिन्याला हाच विनोद, आणि माझा नवरा दर महिन्याला हसायचा. तो एमआयडीसीत शिफ्टला जातो, त्याला हसायला वेळ कमी मिळतो, पण दादापुढे हसायचा.

त्या उन्हाळ्यात दादाला खोकला सुरू झाला तेव्हा वरच्या घरात कोणी दचकलं नाही. राब भाजायचे दिवस होते. आमच्याकडे पेरणीच्या आधी रोपांच्या जागेवर कवळाच्या डहाळ्या, पाला, शेण पसरून वरून माती टाकतात आणि ते जाळतात. त्याचा धूर दिवसच्या दिवस अंगावर घ्यावा लागतो. त्या दिवसांत पठारावर खोकत नाही असा माणूस सापडणार नाही. राबाचा खोकला म्हणतात आणि गुळाचा खडा तोंडात टाकून कामाला लागतात. मीसुद्धा लहानपणी तसंच खोकले आहे. त्यामुळे वहिनीनं फोनवर सांगितलं, "ह्यांना राबाचा खोकला झालाय, अंग बी जरा तापतंय," तेव्हा मीही म्हटलं, धुरात जाऊ देऊ नका. चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी वहिनी म्हणाली, जेवणाची चव कळत नाही म्हणतात, भाजी करपली ती पण वासावरून कळली नाही. मी खुर्चीतच बसले. मग उठून तपासणीचं एक किट पर्समध्ये टाकलं.

रविवारी सकाळी नवऱ्याच्या मोटरसायकलवर वर गेले. ताप सुरू होऊन सातवा दिवस होता. लॅबचं ओळखपत्र गळ्यात होतं म्हणून पोलादपूरच्या नाक्यावर सोडलं. दादा पडवीत बसला होता. तपासणी मी केली, कोरोनाच निघाला, आणि त्याला सांगितलं. त्यानं मान हलवली. त्या दिवशी ताप नव्हता. तोंडावर जरा तरतरी होती, पेज प्यायला होता, माझ्या नवऱ्याला नेहमीचा विनोदही करून झाला होता. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र मी लॅबमधून मागून नेलं होतं. त्यावर पंच्याण्णव आलं. फार वाईट नाही, चांगलंही नाही. मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. घराच्या मागच्या बांधावर तेवढी रेंज येते.

डॉक्टर म्हणाले, आणखी दोन तपासण्या करून घ्या. पण त्या पनवेलला पाठवाव्या लागत आणि दोन दिवसांनी येत. "तोवर तुमची मोजणी सांगा. लिम्फोसाईट वीसच्या खाली असतील तर आजच खाली आणा, माझ्याकडे एक खाट मोकळी आहे, संध्याकाळपर्यंत धरून ठेवतो. वीस किंवा वर असतील तर राहू दे घरी, मंगळवारी परत बघू. तुम्ही मोजणार आहात ना? मग मला काळजी नाही."

मी परत येऊन दादाच्या दंडाला पट्टा बांधला. सुई टोचताना तो एरवी "आई मेलो" म्हणून उगीच ओरडायचा. त्या दिवशी ओरडला नाही. म्हणाला, "बाय, एक सांगतो. खालच्या वाडीतल्या काकाला गाडीत घालून नेलं, तो परत दिसला नाय. माती द्यायला बी मिळाला नाय. मला त्या गाडीत नाय बसायचं."

"दादा, असं बोलू नको रे."

"ऐक. तुझ्या दुर्बिणीत वंगाळ दिसलं तर मी बसतो. एक शब्द बोलायचा नाय. पन तू सांगितलंस तर. दुसऱ्या कोनाचं ऐकून नाय बसायचा."

वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती म्हणाली, "वन्सं, तुमीच काय ते बघा." तिच्या मागे माझी भाची, तेव्हा दहावीत होती, ओढणी तोंडावर धरून. मी तिथेच, पडवीच्या कठड्यावर, ताज्या रक्ताचे दोन थर काढले, उन्हात वाळवले, कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवले. जिन्नस इतका हलका होता की वाटेत मी दोनदा पर्स उघडून तो आहे का ते बघितलं.

आमच्या मशीनचं रसायन संपलं होतं आणि पुण्याहून यायचं होतं ते आलं नव्हतं. म्हणून त्या आठवड्यात सगळं हातानंच चाललं होतं. लॅबमध्ये मी एकटी. रंग घातला, धुतली, तेल टाकलं, भिंगाखाली सरकवली.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. काचेवर थर ओढताना मोठ्या पेशी कडेला आणि टोकाला ढकलल्या जातात, आणि लहान लिम्फोसाईट मधोमध राहतात. म्हणून मोजताना सरळ जायचं नाही. कडेपासून आत, आतून परत कडेला, असं नागमोडी जायचं. म्हणजे कोणाला झुकतं माप मिळत नाही. हे पहिल्या महिन्यात शिकवतात. मी स्वतः चार मुलींना शिकवलं आहे, आणि चुकल्यावर त्यांच्या हातावर पेन्सिलही मारली आहे.

पहिल्यांदा मी शिकवल्यासारखी नागमोडी गेले. शंभर झाल्या, घंटी वाजली, बघितलं तर लिम्फोसाईट अकरा.

मी पाणी प्यायले. म्हटलं, आपण दमलोय, उन्हातून आलोय. दुसरी स्लाईड घेतली. तेरा.

तेव्हा उठून फोन करायला हवा होता. फोन टेबलावरच होता. पण माझ्या डोळ्यांसमोर तो गाडीत बसताना दिसत होता, एक शब्द न बोलता, माझ्या सांगण्यावरून. त्याला मीच बसवायचं होतं. आणि तो परत आला नाही तर? मी मनाला समजावलं, की तेराच्या आसपास शंभरात दोनचार इकडेतिकडे होतातच. ते खरंही आहे. मी समजावलं, की ताप उतरलाय, पेज प्यायला, विनोद केला. सातव्या दिवशी ताप उतरून माणूस बरा दिसतो आणि मग कोसळतो, हे त्या महिन्यात रोज बघत होते, तरी समजावलं. आपला तो बाब्या, असं जग म्हणतं ते काय खोटं?

तिसऱ्यांदा मोजायला बसले तेव्हा कडेला गेलेच नाही. हे मी नकळत केलं असं कोणाला सांगितलं तर ते खोटं होईल. हाताला ठाऊक होतं. स्लाईड मधल्या मध्ये सरकत राहिली, टोकाच्या अलीकडून वळत राहिली. लिम्फोसाईट एकेक येत होत्या आणि प्रत्येकीला बटण दाबताना मला बरं वाटत होतं. अठ्ठ्याण्णव पेशी झाल्या तेव्हा त्या एकोणीस होत्या. नव्याण्णवावी न्यूट्रोफिल निघाली. आणि शंभरावी एक अशी आली की ती लिम्फोसाईट आहे की मोनोसाईट, म्हणजे पांढऱ्या पेशींची आणखी एक, मोठी जात, हे सांगणं कठीण. जराशी मोठी, मध्ये खाच पडल्यासारखी. माझ्या चार मुलींपैकी कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, मोनोसाईट, डोळे फुटले काय? मी लिम्फोसाईटचं बटण दाबलं. घंटी वाजली. वीस.

डॉक्टरांना सांगितलं, वीस. ते म्हणाले, छान, मग मंगळवारी. खाट त्यांनी दुसऱ्याला दिली असणार, द्यायलाच हवी होती. वर फोन लावला. दादानं स्वतः उचलला, त्या बांधापर्यंत चालत आला होता.

"काय म्हनतो माझा गोतावळा?"

"जागेवर आहे," मी म्हटलं. "झोपून राहा. धुरात जाऊ नको."

"बघ, म्हटलं ना," तो वहिनीला म्हणाला, आणि मला तिचं रडून हसणं ऐकू आलं.

सोमवारी तो राबावर गेला. जळायचा थोडा भाग राहिला होता आणि बहिणीनं बरा आहे म्हणून सांगितलं होतं. मंगळवारी दुपारी वहिनीचा फोन आला. वाऱ्याला म्हणून बांधापाशीच त्याची बाज टाकली होती. बोलत होती ती, पण मला तिच्या मागून ऐकू येत होता तो श्वास. दादाला एक पूर्ण वाक्य बोलता येत नव्हतं. शेजारच्याच्या जीपमध्ये त्याला मागे आडवा घातला आणि घाट उतरवला. महाडला आला तेव्हा ऑक्सिजन बहात्तर होता. खाट मिळेपर्यंत आणखी तीन तास गेले. आत नेताना मी पायऱ्यांवर उभी होते. त्यानं हात वर केला, तोंडावर मास्क होता, काय म्हणाला ते कळलं नाही. मी मान हलवली. काय कळलं म्हणून हलवली, देव जाणे.

मग दहा दिवस त्याचं रक्त रोज माझ्याकडे यायचं. आम्हाला आत सोडत नव्हते. वहिनी माझ्या घरी बसून होती, भाची वर शेजारणीकडे. दादाला बघायला मिळायचं ते मलाच, आणि ते असं, जांभळ्या टोपणाच्या नळीत. लॅबमधल्या दुसऱ्या मुलीला मी हात लावू दिला नाही. रोज नागमोडी मोजायची, कडेपासून कडेपर्यंत, एक पेशी इकडची तिकडे होऊ दिली नाही. आता काय, आता प्रामाणिकपणाला काही लागत नव्हतं. सहा. पाच. मध्ये एक दिवस नऊ आले, तर मी रस्त्यावर येऊन रडले आणि वहिनीला सांगितलं, आज वाढल्या. मग चार. मग तीन. न्यूट्रोफिल मात्र वाढतच होत्या, कोवळ्या, अर्धवट, कामाला लावायचं वय नसलेल्या, त्याही हाडांतून बाहेर ढकललेल्या. त्याचा गोतावळा जीव तोडून धावत होता आणि त्याचंच घर पाडत होता. मला ते दिसत होतं आणि करण्यासारखं काहीही नव्हतं.

अकराव्या दिवशी सकाळी नळी आली. मी थर ओढला, रंग घातला. रंग चढायला लागतो तेवढ्या वेळात फोन वाजला. दादा गेला होता. रक्त काढल्यावर अर्ध्या तासात.

फोन ठेवला आणि मला आठवलं, की रंग जास्त वेळ राहिला तर स्लाईड काळी पडते. मी ती धुतली, वाळवली आणि मोजली. हे कोणाला खरं वाटणार नाही, पण मोजली. माणूस नव्हता आणि त्याच्या पेशी माझ्यासमोर होत्या, रंगवलेल्या, ओळखू येण्याजोग्या. शंभरात दोन लिम्फोसाईट. मी कागदावर आकडे लिहिले, खाली वेळ लिहिली, आणि मग तो कागद द्यायचा कोणाला ते मला कळेना. शेजारी काम करणाऱ्या मुलीनं माझ्या हातातून पेन काढून घेतलं.

खालच्या वाडीतल्या काकासारखाच तोही परत गेला नाही. महाडच्या स्मशानात लांबून दाखवला. वहिनीनं विचारलं, ते नक्की हेच का? मी म्हटलं, हो. मलाही दिसलं नव्हतं.

डॉक्टरांना मी त्या वीसचं खरं सांगितलं. ते म्हणाले, दोन दिवस आधी आणला असता तरी वाचला असता असं कोणी सांगू शकत नाही. अनेक आले, वेळेवर आले, तरी गेले. त्यांनी हे मनापासून सांगितलं आणि मी ते मनापासून ऐकलं. पण वाचला नसता असंही ते म्हणाले नाहीत.

रविवारच्या त्या दोन स्लाईड मी एका डबीत घालून कपाटात वर ठेवल्या होत्या. कधीतरी धीर आला की चौथ्यांदा, नीट, मोजायच्या असं ठरवलं होतं. त्याच जुलैत महाडात पूर आला. लॅबमध्ये माळ्यापर्यंत पाणी चढलं. ओसरल्यावर आत गेलो तर गुडघाभर चिखल. मालक मशीनपाशी डोक्याला हात लावून बसले, आणि मी त्या चिखलात हात घालून काचपट्ट्या शोधत होते. बऱ्याच सापडल्या. सगळ्या कोऱ्या झाल्या होत्या, कोणाची कुठली ते सांगता येईना. मालक ओरडले, "अहो, हात कापून घ्याल, त्या जुन्या स्लाईड काय करायच्यात?" मी म्हटलं, काही नाही.

वहिनीला सांगायला मला वर्ष लागलं. दर वेळी ती माझ्याकडे नुसतं बघायची आणि मला वाटायचं, हिला कळलंय. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. वर्षश्राद्धाला वर गेले. पंगत उठली, वहिनी मागच्या दारी टोपं घासायला बसली, मी शेजारी बसून विसळायला लागले आणि सांगितलं. अकरा सांगितलं, तेरा सांगितलं, कडा टाळल्या ते सांगितलं, शेवटची एक पेशी सांगितली. बोटांनी राखेत थर काढून दाखवला, लहान पेशी मध्ये राहतात, मोठ्या कडेला. तिला कळेल असं सांगितलं. ती ऐकत होती आणि घासत होती. माझं झाल्यावर म्हणाली, "ते मोठं टोप सरकवा हिकडं." मी सरकवलं. मला वाटलं होतं ती रडेल, शिव्या देईल, अंगावर धावून येईल. मी त्याची तयारी करून गेले होते. तिनं टोप घासलं, पाणी ओतलं, आणि निघताना मला रीतीप्रमाणे नाचणीचं पीठ बांधून दिलं.

नंतर दोन वर्षं आमचं सगळं चालू राहिलं. भाची बारावी झाली, कॉलेजला महाडला आली आणि माझ्याच घरी राहायला लागली. वहिनीनंच तसं सांगितलं, "आत्याकडं ऱ्हा, दुसरीकडं नको." मला त्याचा किती आधार वाटला ते मी इथे लिहू शकत नाही. तिचा डबा भरताना मी दादाचा डबा भरत असल्यासारखी वागायची. पोरगी वैतागायची, आत्या, मी काय नांगराला चाललेय?

गेल्या पावसाळ्यात तिला ताप आला. सर्दी, खोकला, अंगदुखी. त्या महिन्यात महाडात घरोघरी हेच होतं. साधा फ्ल्यू, मला दिसत होतं. तरी तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. तोवर वहिनी पहिल्या गाडीनं खाली उतरली होती. मी कामावर जायला निघाले, म्हटलं, दहा वाजता हिला लॅबमध्ये घेऊन या, मी थांबते. वहिनी म्हणाली, बरं.

दहा वाजले, अकरा वाजले. खिडकीतून रस्ता दिसतो. साडेअकराला त्या दोघी जाताना दिसल्या. भाचीच्या डोक्यावर शाल, वहिनीच्या हातात छत्री. आमच्या दारासमोर भाची थांबली, पायरीकडे वळली. वहिनीनं तिचा दंड धरला आणि पुढे नेली. कोपऱ्यावर दुसरी लॅब आहे, नवीन, मोठी पाटी. त्यात त्या शिरल्या.

मी संध्याकाळी घरी गेले तेव्हा भाची झोपली होती, ताप उतरत होता. रिपोर्ट टेबलावर उघडाच होता, लपवला नव्हता. मी वाचला. लिम्फोसाईट अडतीस. छापील, मशीनचे. घरात माणसं होती. मी तो घडी घालून ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. वहिनी तव्यापुढे होती, भाकरी थापत होती.

"वहिनी," मी म्हटलं, "मी थांबले होते. आमच्याकडे का नाही आणलंत?"

रागावलेली असती तर मला सोपं गेलं असतं. ती रागावलेली नव्हती. तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, आणि अगदी मायेनं, लहान पोराला समजवावं तशी म्हणाली,

"वन्सं, तुमचा तिच्यावर लय जीव हाय. म्हनून."